शाळेत जीपीए २.३. कम्युनिटी कॉलेजातून यूसीला जाण्याची वाट खरंच आहे का?

शरयूकाठ | १४ मे २०२२, रात्री ११:४०

नमस्कार. इथे सात-आठ वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लिहू की नको करण्यात तीन आठवडे गेले.

मुलगा यंदा बारावी संपवतोय. आम्ही कॅलिफोर्नियात, साउथ बेमध्ये राहतो. नववीत तो चांगला होता. दहावीच्या मार्चमध्ये शाळा बंद झाली, सगळं लॅपटॉपवर आलं, आणि अख्खी अकरावी त्याने खोलीचं दार लावून, कॅमेरा बंद ठेवून काढली. मी भिंतीपलीकडे माझ्या मीटिंगा करत होते आणि समजत होते की तो वर्गात बसलाय. गणितात डी आणि केमिस्ट्रीत एफ (म्हणजे नापास) आला तेव्हा कळलं. बारावीत थोडं सावरलं, पण एकूण जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी, २.३ वरच थांबला.

यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, इथल्या मुलांना अर्जालाच ३.० लागतो, सीएसयूला, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीला, २.५. म्हणजे दोन्ही दारं बंद. बाहेरच्या राज्यातल्या एका खाजगी विद्यापीठाने घेतलंय, शिष्यवृत्ती शून्य, राहण्या-जेवणासकट वर्षाला साठ हजार डॉलर. नवरा म्हणतो कर्ज काढू, पण कम्युनिटी कॉलेज, म्हणजे इथलं दोन वर्षांचं स्वस्त सरकारी कॉलेज, नको. मुलगा म्हणतो, "मला डी अँझाला जायचंय, दोन वर्षांनी ट्रान्सफर करीन." म्हणजे दोन वर्षं इथल्या कम्युनिटी कॉलेजात, मग विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला. नवऱ्याचं म्हणणं, ज्याने शाळेत केलं नाही तो तिथे काय करणार?

आणि खरं सांगायचं तर माझंही मन घट्ट नाही. सप्टेंबरात मंडळाच्या गणपतीला सगळे विचारणार, "कुठे मिळाली?" तेव्हा माझ्या तोंडून काय निघेल, हे मला माहीत नाही.

या वाटेने कुणाचं मूल गेलंय का? जुने मार्क खरंच मागे राहतात, की विद्यापीठ पुन्हा उकरून काढतं?

---

गणिताची_बाई | १५ मे २०२२, सकाळी ६:१५

शरयूकाठ, आधी पाणी प्या, मग हे वाचा. बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी अकरा वर्षं गणित शिकवतेय. तुमच्या मुलासारखी मुलं दर सत्रात माझ्या वर्गात असतात.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. किमान ६० सेमिस्टर युनिट, म्हणजे क्रेडिट (वर्षाला तीन सत्रं असतात त्या क्वार्टरच्या कॉलेजात ९०) पूर्ण करून तिसऱ्या वर्षाला यूसीत जाणाऱ्या मुलाची निवड करताना शाळेचा जीपीए धरत नाहीत. एसएटी ही प्रवेशपरीक्षाही नाही. अर्जात शाळेची माहिती भरावी लागते, पण निवड होते ती कॉलेजातल्या गुणांवर. अकरावीचा तो एफ तिथे मोजलाच जात नाही.

ही काही कुणाची मेहेरबानी नव्हे. १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला. क्लार्क केर तेव्हा यूसीचे अध्यक्ष होते. शाळेतल्या वरच्या साडेबारा टक्के मुलांना यूसी, वरच्या एक तृतीयांशांना स्टेट युनिव्हर्सिटी, आणि कम्युनिटी कॉलेज सगळ्यांना खुलं, अशी ती रचना. पण तिघांच्या मध्ये जिना ठेवला होता. सतराव्या वर्षी जो मागे पडला त्याने विसाव्या वर्षी वर यावं, म्हणून ट्रान्सफर. आज यूसीत ट्रान्सफर होऊन येणाऱ्यांपैकी दहातले नऊ जण इथल्याच कम्युनिटी कॉलेजांतून येतात. मागच्या दाराने येतात असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. हे दार आराखड्यातच काढलेलं आहे.

आता कामाचं.

असिस्ट डॉट ऑर्ग ही साइट आजच उघडा. आधी डी अँझा निवडा, मग हवं ते यूसी, मग मेजर, म्हणजे मुख्य विषय. तिथला कोणता विषय इथल्या कोणत्या विषयाने भरतो ते ओळीओळीने दिलेलं असतं. पहिलं सत्र सुरू व्हायच्या आत त्याचा कागद छापून भिंतीवर लावा. मी वर्गात पाहते, ज्याच्या हातात तो कागद असतो तो बहुधा पोचतो.

टॅग, म्हणजे ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ या सहा ठिकाणी आहे. ठरलेले विषय, ठरलेला जीपीए, आणि सप्टेंबरात अर्ज केला की प्रवेशाची लेखी हमी. सहापैकी एकाच ठिकाणी करता येतो. बर्कली, लॉस अँजेलिस, सॅन डिएगोला टॅग नाही, तिथे स्पर्धा. काही मेजर टॅगमधून वगळलेले असतात आणि ती यादी बदलते, त्यामुळे दरवर्षी नव्याने पाहायची.

फी: डी अँझा क्वार्टरवर चालतं, एका युनिटला ३१ डॉलर. नव्वद युनिटांचे २,७९० डॉलर. दोन वर्षांचे. पहिल्यांदाच कॉलेजात येणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला तेही माफ होऊ शकतात. साठ हजारांशेजारी हा आकडा लिहून फ्रिजवर लावा.

एक सावधगिरी. शाळेत असताना कम्युनिटी कॉलेजचा एखादा विषय त्याने घेतला होता का? ड्युअल एनरोलमेंटमध्ये? तो कॉलेजच्या गुणपत्रकात कायम राहतो. शाळेचे मार्क मोजत नाहीत, कॉलेजचे मोजतात, मग ते पंधराव्या वर्षी मिळालेले असोत.

---

डिप्लोमावाला | १५ मे २०२२, दुपारी १:०५

मी नाशिकहून. अमेरिकेतलं मला काही कळत नाही. पण बाईंनी लिहिलंय ते वाचून वाटलं, अहो, हा तर आपला डिप्लोमा!

मला दहावीला ५८ टक्के. अकरावी सायन्सला चांगल्या कॉलेजात नंबर लागला नाही. वडिलांनी पॉलिटेक्निकला टाकलं. नातेवाईक म्हणाले, "डिप्लोमा का? बारावी झेपणार नव्हती का?" तीन वर्षं वर्कशॉपमध्ये फायलिंग केलं, जॉब घासले, शेवटच्या वर्षाला ८१ टक्के आले आणि इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयर. यादी लागली ती डिप्लोमाच्या मार्कांवर.

फरक एकच. आमच्या कॅम्पसला कंपन्या यायच्या तेव्हा 'थ्रूआउट सिक्स्टी' मागायच्या. दहावी, डिप्लोमा, डिग्री, सगळीकडे साठ. मी दहावीच्या दोन टक्क्यांनी कित्येक रांगांबाहेर उभा राहिलोय. पंधराव्या वर्षाचे मार्क बाविसाव्या वर्षी आडवे आले. तिकडे ते पुसले जात असतील तर ताई, मुलाला जाऊ द्या.

---

कडेपठार | १५ मे २०२२, रात्री ८:३०

सगळे छान छान लिहितायत म्हणून दुसरी बाजू मांडतो. राग मानू नका.

माझा पुतण्या याच वाटेने गेला. दोन वर्षांची चार झाली. पहिल्या वर्षी मेजर ठरेना. मग एका दुकानात वीस तासांची नोकरी, मग विषय कमी केले, मग हवा तो वर्ग भरलेला, वेटलिस्ट, पुढच्या सत्रात बघू. कुणी ओरडलं नाही, कुणी नापास केलं नाही, तो नुसता तिथे राहिला. सल्लागाराने एक विषय चुकीचा सांगितला, तो विद्यापीठाने धरला नाही. आज तो पंचवीसचा आहे आणि पदवी नाही.

खाजगी विद्यापीठात निदान वसतिगृह असतं, बरोबरीची मुलं असतात, वेळापत्रक असतं. ज्या मुलाला आधीच खोलीत बसून राहायची सवय लागलीय, त्याला आणखी दोन वर्षं त्याच खोलीतून कॉलेजला पाठवताय. एवढा विचार करा.

---

गणिताची_बाई | १५ मे २०२२, रात्री १०:१०

कडेपठार, रागवायचं काय, तुम्ही लिहिलंय ते माझ्या डोळ्यांसमोर घडतं. ट्रान्सफरचं ठरवून येणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त पोचत नाहीत. त्यातले बरेच हुशार असतात. ते वाटेत विरघळतात. नोकरी, घरची अडचण, सहा युनिट घेऊन "हळूहळू करू" म्हणणं. आणि विषयांबद्दल: सल्लागारावर विसंबू नये, असिस्टवर विसंबावं. सल्लागाराला शेकडो मुलं असतात.

तुमचा खोलीचा मुद्दा मला पटला. शरयूकाठ, त्याला ऑनलाइन वर्ग घेऊ देऊ नका. सगळे विषय प्रत्यक्ष, आणि मधल्या तासांत घरी यायचं नाही. लायब्ररीत किंवा ट्युटोरियल सेंटरला बसायचं. डी अँझाला कँपस आहे, झाडं आहेत, माणसं आहेत. त्याला माणसांत बसू दे.

आणखी एक. २०१७ च्या एबी ७०५ कायद्यानंतर इथे आल्या आल्या प्लेसमेंटची परीक्षा घेऊन मुलांना शाळेच्या गणितात परत ढकलणं बंद झालंय. पूर्वी त्यातच दीड-दोन वर्षं जायची. आता सरळ विद्यापीठाला चालणाऱ्या इंग्रजी-गणितात बसता येतं. पण त्याची केमिस्ट्री आणि गणित कच्चं असेल तर पहिल्या क्वार्टरला बारा युनिटांच्या वर जाऊ नका. बारा झाले की पूर्णवेळ धरतात, तेवढे पुरे.

---

तिसरापूल | १६ मे २०२२, सकाळी ९:२०

एक छोटी भर. टॉम हँक्स हेवर्डच्या चाबो कॉलेजात दोन वर्षं होता, मग सॅक्रामेंटो स्टेटला ट्रान्सफर झाला. शाळेत त्याचे गुण बेताचेच होते, हे त्याने स्वतः लिहिलंय. स्टीव्ह वॉझ्नियाकसुद्धा डी अँझाला शिकून मग बर्कलीला गेला. गणपतीत कुणी विचारलं तर सांगायला उपयोगी पडेल.

---

शरयूकाठ | १६ मे २०२२, रात्री ११:५५

सगळ्यांचे आभार. कडेपठार, तुमचा प्रतिसाद सगळ्यात बोचला आणि सगळ्यात उपयोगी पडला. पुतण्याला माझ्या मनापासून शुभेच्छा.

डिप्लोमावाला, तुम्हाला एक सांगायचंय.

काल रात्री नवऱ्याने माझ्या लॅपटॉपवर हा धागा वाचला. तुमच्या प्रतिसादापाशी बराच वेळ थांबला. मग उठून कपाटातली जुनी फाइल काढली. आमची सगळी कागदपत्रं त्यात असतात, पासपोर्ट, जन्मदाखले. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत त्याची दहावीची मार्कशीट होती. १९९१, सोलापूर. ५४ टक्के.

लग्नाला तेवीस वर्षं झाली. तो डिप्लोमा करून सांगलीला डायरेक्ट सेकंड इयरला गेला हे मला माहीत होतं, पण का गेला हे त्याने कधी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मुलाला तर डिप्लोमाचंही माहीत नव्हतं. त्याला वाटायचं बाबा पहिल्यापासून हुशारच.

रात्री साडेबाराला नवरा ती मार्कशीट घेऊन मुलाच्या खोलीत गेला. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. दीड तासाने बाहेर आला आणि म्हणाला, "डी अँझाचा फॉर्म कुठे भरायचा असतो?"

---

चाफा | १७ मे २०२२, सकाळी ७:४५

वाचून डोळे भरले.

माझी लेक अशीच गेली, आता सँटा क्रूझला शेवटच्या वर्षाला आहे. एक मुद्दा कुणी मांडला नाही म्हणून लिहिते. अकरावीत एकदम घसरलेल्या मुलाची एकदा एडीएचडी (लक्ष न टिकण्याची अडचण) आणि नैराश्य दोन्हींसाठी तपासणी करून घ्या. आमच्याकडे ते एकोणिसाव्या वर्षी कळलं. शाळेत मिळालेल्या सवलती कॉलेजात आपोआप येत नाहीत. मुलाने स्वतः जाऊन डीएसपीएस, म्हणजे अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या कार्यालयात नाव नोंदवावं लागतं. मग परीक्षेला जास्त वेळ, शांत खोली, टिपणं घेण्याची मदत मिळते. विद्यापीठाच्या गुणपत्रकात त्याचा उल्लेख नसतो. आम्ही 'लोक काय म्हणतील' करत दोन सत्रं घालवली. तुम्ही घालवू नका.

---

धुकंधुकं | १७ मे २०२२, सकाळी ११:३०

आम्ही एच-४ वाले, म्हणजे एच-१बी नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाचं कुटुंब. मुलगी सोळाची, ग्रीन कार्डची रांग किती लांब ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यासाठी ही वाट चालेल का?

---

गणिताची_बाई | १७ मे २०२२, दुपारी ४:००

धुकंधुकं, शिकायला एच-४ चालतो. कॅलिफोर्नियात वर्षाहून जास्त वास्तव्य कागदांवर दाखवता आलं तर कम्युनिटी कॉलेजात रहिवाशांचा दर मिळतो. सरकारी फेडरल मदत एच-४ ला नाही, हे धरून चाला. खरा प्रश्न एकविसाव्या वाढदिवसाचा. त्या दिवशी एच-४ संपतो, त्याआधी एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा वगैरे करून घ्यावं लागतं, आणि दर्जा बदलला की फीचा दरही बदलू शकतो. तिची जन्मतारीख आणि ट्रान्सफरचं वर्ष शेजारी-शेजारी लिहा. यात इमिग्रेशनच्या वकिलाचे पैसे वाचवू नका.

---

एडिसनकर | १८ मे २०२२, रात्री ९:१५

न्यू जर्सीवाल्यांसाठी: इथे नियम वेगळा. काउंटी कॉलेजात (आमच्याकडचं कम्युनिटी कॉलेज) एए किंवा एएस ही दोन वर्षांची असोसिएट पदवी पूर्ण केलीत तर राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठात ते सगळं क्रेडिट धरतात. अर्धवट सोडून गेलात तर एकेका विषयासाठी भांडत बसावं लागतं. त्यामुळे आमच्याकडे आधी पदवी हातात घ्या, मग रटगर्स, म्हणजे आमचं राज्य विद्यापीठ. प्रत्येक राज्याचं वेगळं आहे, कॅलिफोर्नियाचं वाचून टेक्सासात अर्ज करू नका.

---

शरयूकाठ | १८ डिसेंबर २०२२, रात्री १०:२०

धागा वर काढतेय. पहिलं क्वार्टर संपलं.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, किंवा सांगितली असेल तर मी ऐकली नव्हती. शाळेचं पालकांसाठी पोर्टल होतं. चार वर्षं मी रोज रात्री झोपण्यापूर्वी ते उघडायचे. कोणता गृहपाठ राहिला, कोणत्या चाचणीत किती, सगळं लाल अक्षरात दिसायचं, आणि मग मी त्याच्या खोलीत जायचे. कॉलेजात ते नाही. १९७४ चा फर्पा नावाचा कायदा आहे. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या गुणांवर हक्क त्याचाच. तो अठराचा नसला तरी, आणि फी आपण भरत असलो तरी. सप्टेंबरात मी कॉलेजला फोन केला, तिथल्या बाईने अतिशय नम्रपणे सांगितलं की तुमचा मुलगा इथे शिकतो की नाही हेसुद्धा मी सांगू शकत नाही.

मला त्या रात्री झोप लागली नाही. खरंच सांगते, हात शिवशिवायचे.

ऑक्टोबरच्या शेवटी तो गप्प गप्प झाला. मी विचारलं नाही. विचारायचं नाही असं नवऱ्याने आणि मी ठरवलं होतं, आणि ते पाळणं हे माझ्या आयुष्यातलं अवघड काम होतं. काल निकाल आल्यावर त्याने स्वतः सांगितलं. प्रीकॅल्क्युलसच्या पहिल्या चाचणीत त्याला शंभरात ४१ मिळाले होते. विषय सोडायचा, 'डब्ल्यू' घ्यायचा असं ठरवून तो कार्यालयापर्यंत गेला होता. तिथून परत फिरला आणि ट्युटोरियल सेंटरला जाऊन बसला. तिथे शिकवणारा मुलगा त्याच्याहून एका वर्षाने मोठा, तोही शाळेत गणितात नापास झालेला. त्यानंतर आठवड्यातले चार दिवस तो तिथे जात होता. आम्हाला वाटायचं मित्रांबरोबर असतो.

गणितात बी. इंग्रजीत ए. पर्यावरणाचा एक विषय सहज घेतला होता, त्यात ए.

गणपतीचं सांगायचं राहिलं. विचारलं सगळ्यांनी. मी "डी अँझा" म्हटलं आणि माझा आवाज खाली गेला. शेजारी नवरा उभा होता, तो मोठ्याने म्हणाला, "डी अँझा. मीपण डिप्लोमावाला आहे." दोन जण गप्प झाले. तिसऱ्याने त्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, टॅग म्हणजे काय हो?

चाफा, तपासणी केली. एडीएचडी नाही. दुसरं होतं थोडं. समुपदेशन चालू आहे. तुमचे उपकार विसरणार नाही.

---

कडेपठार | १९ डिसेंबर २०२२, सकाळी ८:००

मनापासून आनंद झाला. कार्यालयापर्यंत जाऊन परत फिरला, ते फार मोठं आहे. आमचा तिथे परत फिरला नाही.

---

शरयूकाठ | ३ ऑक्टोबर २०२३, रात्री ९:४०

थोडक्यात खबर, मागून येणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून तपशिलात.

टॅगसाठी अर्ज करण्यापूर्वी उन्हाळ्याअखेर ४५ क्वार्टर युनिट हातात लागतात. त्याने पहिल्या क्वार्टरला १२ घेतले, दुसऱ्याला १३, तिसऱ्याला १५. बेरीज ४०. पाच कमी. हे एप्रिलमध्ये लक्षात आलं, भिंतीवरच्या कागदामुळे. उन्हाळ्यात पाच युनिटांचा एक विषय घेतला आणि जेमतेम ४५ झाले. आम्ही भारतात जाणार होतो, आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं सोलापूरला. तो गेला नाही. आजीला फोनवर म्हणाला, "आजी, माझा पेपर आहे." ती म्हणाली, "पेपर दे बाबा, चंद्र काय परत दिसेल."

मेजर ठरला, पर्यावरणशास्त्र. कॉम्प्युटर सायन्सचं नाव घरात निघतही नाही आता. मागच्या वसंतात वर्गाबरोबर स्टीव्हन्स क्रीकचं पाणी तपासायला गेला होता, तेव्हापासून जेवताना नायट्रेट आणि गढूळपणा यावर बोलतो. टॅग डेव्हिसला केलाय. जीपीए ३.५ आहे. मुख्य अर्ज नोव्हेंबरअखेर, त्यात साडेतीनशे शब्दांची चार उत्तरं लिहायची असतात. मेजरसाठी तयारी कशी केली, हा प्रश्न ट्रान्सफरवाल्यांना सक्तीचा आहे. बाकीचे तीन सातांतून निवडायचे. अकरावीबद्दल लिहावं का, असं त्याने मला विचारलं. मला काय वाटतं हे मी पहिल्यांदाच सांगितलं नाही. "तुझं तू ठरव" म्हटलं. त्याने त्यावर चार ओळी लिहिल्या आणि बाकी सगळं ओढ्यावर लिहिलं.

---

गणिताची_बाई | ४ ऑक्टोबर २०२३, सकाळी ६:३०

शाब्बास. जानेवारीत शरद सत्राचे गुण अर्जात अद्ययावत करायचं विसरू नका, बरीच मुलं ते विसरतात आणि टॅग हातातून जातो. आणि शेवटच्या क्वार्टरला ढिलाई नको. प्रवेश सशर्त असतो, जूनमध्ये एक डी आला तरी रद्द होऊ शकतो.

---

शरयूकाठ | २७ एप्रिल २०२४, सायंकाळी ६:०५

डेव्हिस झालं. एका ठिकाणाहून नकार आला, तो अपेक्षित होता. १ जूनपर्यंत होकार कळवायचा होता, त्याने निकालाच्या दिवशीच कळवला.

नवरा गॅरेजमध्ये जाऊन उगाच सायकल पुसत बसलाय. डेव्हिसला सगळे सायकलवर फिरतात म्हणे.

---

डिप्लोमावाला | २८ एप्रिल २०२४, सकाळी १०:००

पेढे! नाशिकहून! माझ्या मुलाला आज हा सगळा धागा वाचायला लावला. तो दहावीला आहे, निकाल यायचाय.

---

गणिताची_बाई | ६ ऑक्टोबर २०२४, सकाळी ७:१०

या धाग्यावर आता नवी मंडळी येतायत, म्हणून एक जड गोष्ट लिहून ठेवते. राज्याच्या लेखापरीक्षकांचा अहवाल गेल्या महिन्यात आला. कम्युनिटी कॉलेजात ट्रान्सफरच्या इराद्याने आलेल्यांपैकी चार वर्षांत ट्रान्सफर झालेले साधारण पाचांत एक. शरयूकाठ यांचा मुलगा म्हणजे तो एक, कडेपठार यांचा पुतण्या त्या चारांत. दोघेही माझ्या वर्गातल्या मुलांसारखेच.

मला विचाराल तर वाट चांगली आहे, पण पाट्या कमी आहेत. प्रत्येक यूसीला वेगळे विषय, सीएसयूला आणखी वेगळे. ज्या घरात आई असिस्टचा कागद वाचू शकते ते मूल पोचतं. ज्या घरात आई रात्रपाळीला जाते तिथलं मूल माझ्याकडे तिसऱ्या वर्षी येऊन विचारतं, "हा विषय चालत नाही का?" ते मला सहन होत नाही. तुमच्यापैकी कुणाला शनिवारी दोन तास असतील, तर जवळच्या कम्युनिटी कॉलेजच्या ट्रान्सफर सेंटरला फोन करा.

---

कडेपठार | ६ ऑक्टोबर २०२४, रात्री ९:००

पुतण्या परत गेलाय कॉलेजला. सत्ताविसाव्या वर्षी, संध्याकाळचे वर्ग. यावेळी कागद मी छापून दिला.

---

रानजाई | २ जून २०२५, रात्री १२:३०

नमस्कार. अख्खा धागा रडत वाचला. मुलगी यंदा बारावी झाली, जीपीए २.१. आम्ही सनीव्हेलला. तिने फुटहिल कम्युनिटी कॉलेजला नाव घातलंय. आयगेट्सीचा, म्हणजे विद्यापीठाला चालणाऱ्या सामान्य विषयांचा, कोणता तक्ता वापरायचा? आणि मी काय करू? मला काहीच सुचत नाहीये.

---

शरयूकाठ | २ जून २०२५, सकाळी ६:५०

रानजाई, आयगेट्सी आता जुनं झालं. २०२५ च्या शरद सत्रापासून नवीन मुलांना कॅल-गेट्सी, यूसी आणि सीएसयू दोघांना एकच तक्ता. त्यामुळे धाग्यातले जुने तपशील पडताळून घ्या. मेजरचे विषय मात्र अजूनही असिस्टवरच बघायचे. फुटहिलही क्वार्टरवरच आहे, तेव्हा ४५ आणि ९० हे आकडे तसेच.

लेक काल रात्री घरी आलाय, कॅपिटल कॉरिडॉरच्या गाडीने. त्याला विचारलं, मुलीला काय सांगू? म्हणाला, ट्युटोरियल सेंटर कुठे आहे ते पहिल्याच दिवशी बघून ठेवायला सांग. गरज पडल्यावर शोधायला गेलं की लाज वाटते.

तुमचं विचाराल तर मी शनिवारी दुपारी क्युपर्टिनो लायब्ररीत असते, दोन ते चार. गेल्या वर्षापासून आम्ही तीन-चार आया तिथे बसतो, असिस्टचे कागद छापून आणतो. मुलीला पाठवू नका, तुम्ही या. पोर्टल न बघता झोपायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला होता. ते एकटीने करू नका.